बाबांनो, लिहा, पण मुलांची झाकली मूठ उघडू नका

मराठीत आईबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. बापाने स्वतःच्या बापपणाबद्दल लिहिलेलं फार कमी. ते वाढायला हवं, कारण बाप घरात काय करतो हे चारचौघांत आलं, तर नव्याने बाप झालेल्याला आपणही ते करू शकतो असा धीर येतो. मात्र ज्या लेकराबद्दल आपण लिहितो, त्याला अजून ‘नको’ म्हणताही येत नसतं. म्हणून एक पथ्य: गोष्ट बापाची सांगावी, मुलाची गुपितं नव्हेत.

काय करावं

आधी हात घालावा, मग लेखणी. दूध पिऊन झाल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरलंय, पाठीवरून हात फिरतोय, खांद्यावरचं दुपटं ओलं झालंय आणि ढेकर काही येत नाही. पहाटे तीनची ती येरझार स्वतः घातली असेल, तरच ती कागदावर खरी उतरते.

स्वतःच्या मनातलं लिहावं. मुलगी तापाने फणफणली होती एवढं पुरे. तिच्या आजाराचे तपशील देण्यापेक्षा तुमची भीती, तुमची चिडचिड, डॉक्टरांसमोर सुचेनासं झालेलं बोलणं लिहा.

कामाचा हिशेब खरा मांडावा. लसीकरणाचं कार्ड कुठे ठेवलंय, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या तारखा कधी येतात, हे घरात कोण लक्षात ठेवतं? उत्तर ‘तिची आई’ असेल, तर तसंच लिहावं आणि पुढची तारीख आपल्याकडे घ्यावी.

रजेबद्दल आवर्जून लिहावं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. आईची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २०१७ साली २६ आठवड्यांची झाली. खासगी नोकरीतल्या बापाचं मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या मर्जीवर असतं. बाळंतिणीजवळ थांबता न आलेल्या बापांनी हे लिहिलं, तर मागणीला जोर येईल.

कळत्या मुलाला आधी वाचून दाखवावं. ते ‘नको’ म्हणालं, तर तो भाग काढून टाकावा, हुज्जत घालू नये. १९८९ च्या बालहक्क संहितेतलं सोळावं कलम मुलांनाही खासगीपणाचा हक्क देतं. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली.

मुलांना उद्देशून लिहावं. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती. नेहरूंनी तिला अलाहाबादहून पत्रं लिहिली, ती पृथ्वी कशी झाली, माणूस कसा घडला याबद्दल. ती पुढे पुस्तकरूपाने आली. त्यांत लेकीचं कौतुकपुराण नाही, लेकीसाठी घेतलेले कष्ट आहेत.

चांगलं वाचावं. पुण्याहून १९८७ साली सुरू झालेल्या ‘पालकनीती’चे जुने अंक मिळवावेत. अनिल अवचटांचं साधं, थेट गद्य वाचावं. अनुभव न फुगवता कसा सांगायचा, ते तिथे कळतं.

काय टाळावं

मुलाला खाली मान घालावी लागेल असं काहीही. अंथरूण ओलं करणं, नापास होणं, वयात येणं, चोरून रडणं हे चव्हाट्यावर आणू नये. आज गोड वाटणारा किस्सा आठवीच्या वर्गात मुलाचा पिच्छा पुरवतो. ए. ए. मिल्न यांनी ‘विनी-द-पू’मधल्या मुलाला आपल्याच मुलाचं, क्रिस्टोफर रॉबिनचं, नाव दिलं. पुस्तक १९२६ साली आलं आणि जगभर गाजलं. मुलाला शाळेत त्यावरून चिडवलं जाई. ती सल त्याने १९७४ सालच्या आपल्या आठवणींत मांडली.

ठावठिकाणा. शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, शिकवणीची वेळ, व्हॅन थांबते तो कोपरा, यातलं काही देऊ नये. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद असू शकते. अंघोळीचे फोटो तर घरातल्या ग्रुपवरही नकोत.

दुसऱ्यांची मुलं. लेकीच्या मैत्रिणीच्या घरचं भांडण हा तुमचा विषय नव्हे. अत्याचार सोसलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

औषधपाण्याचे सल्ले. आपल्या बाळाला गुटी मानवली म्हणून ती सगळ्यांना सुचवू नये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. बाकीचं बालरोगतज्ज्ञांवर सोपवावं.

बाळाच्या जिवावर जाहिरात. तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. फुकट आलेल्या खोक्यापायी लेकराला मॉडेल करू नये.

भावंडांची तुलना. ‘थोरला शहाणा, धाकटी हट्टी’ असं एकदा छापून आलं की नातेवाईक तेच धरून बसतात आणि मुलंही त्याच साच्यात अडकतात.

आईला मखरात बसवणं. ती थकते, चुकते, तिलाही झोप हवी असते. तिच्या त्यागाचे गोडवे गाण्यापेक्षा आज रात्री बाळाला कोण घेणार, ते ठरवावं. बाळंतपणानंतर ती सतत उदास, अबोल असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्यावं. त्यावर लिहायचं की नाही, ते तिने ठरवावं.

संकोचाने गप्प राहणं. सगळ्यात जास्त टाळायचं ते हेच. फडावर कोयता चालवताना खोपीतल्या तान्ह्याकडे लक्ष ठेवणारा ऊसतोड कामगार, दिव्यांग मुलाला पाठुंगळी घेऊन शाळेत नेणारा बाप, बायको गेल्यावर लेकीची वेणी घालायला शिकलेला बाप, यांचं बापपण फारसं छापलं गेलेलं नाही. ज्याला लिहिणं जमत नाही त्याने सांगावं, आणि ज्याला जमतं त्याने ते उतरवून घ्यावं, त्याला वाचून दाखवून, त्याच्या संमतीने.