आवाज लहान केला की डग्गा कुठे जातो?

रात्री घरची मंडळी झोपली म्हणून तुम्ही संगीतसंचाचा आवाज लहान करता. गायकाचे शब्द ऐकू येतात, तबल्याची चाटही ऐकू येते; पण डग्ग्याची घुमक नाहीशी झालेली असते. 'स्पीकर हलका दिसतो,' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु स्पीकर उत्तम असला तरी असेच घडते. त्याचे कारण आपल्या कानात आहे.

कान सर्व वारंवारतांना सारखाच संवेदनशील नसतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली यासंबंधीची मोजमापे प्रसिद्ध केली. एका सेकंदात १००० कंपने होणाऱ्या, म्हणजे १००० हर्ट्झच्या स्वराशी इतर स्वर ताडून पाहायचे आणि ते 'तेवढेच मोठे' वाटण्यास किती डेसिबेल लागतात ते मोजायचे, अशी ही पद्धत. पुढे २००३ साली या वक्रांचे सुधारित आंतरराष्ट्रीय मानक निघाले. त्यावरून १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराचे आकडे पाहा:

१००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबेल असेल, तर तेवढाच मोठा वाटण्यास खर्ज स्वर सुमारे ९२.५ डेसिबेल हवा.
तोच स्वर ४० डेसिबेल असेल, तर खर्ज स्वर सुमारे ६४.५ डेसिबेल हवा.

आता गणित करू. आवाजाची कळ फिरवून तुम्ही सगळेच स्वर ४० डेसिबेलने उतरवले. खर्ज स्वर ९२.५ वरून ५२.५ वर आला. हवे होते ६४.५. म्हणजे १२ डेसिबेलची तूट पडली! तीव्र स्वरांच्या बाबतीत अशी तूट फारच थोडी असते. म्हणून चाट राहते आणि घुमक जाते.

ही तूट भरून काढण्यासाठी 'बास'ची कळ असते. कंडेन्सर कमी वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाला जास्त विरोध करतो आणि जास्त वारंवारतेच्या प्रवाहाला कमी. कंडेन्सर व रोध यांच्या जोडणीने खर्ज आणि तीव्र स्वर वेगवेगळे वाढवता-घटवता येतात. ब्रिटिश अभियंता पीटर बॅक्सन्डॉल याने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडलेले असे मंडल फार लोकप्रिय झाले. काही संचांवर 'लाउडनेस' नावाचे बटण असते. आवाज लहान असताना खर्जाला आधार देणे, हेच त्याचे काम.

मात्र आवाज पुन्हा मोठा करताना ही कळ मूळ जागी आणायला विसरू नका. दर ३ डेसिबेलला शक्ती सुमारे दुप्पट लागते. म्हणजे १२ डेसिबेलला १६ पट! लहान आवाजात हा भार सहज पेलतो, मोठ्या आवाजात तो पेलेनासा होऊन आवाज फाटतो आणि स्पीकरला इजा होऊ शकते. उलट, केवळ घुमक हवी म्हणून सगळाच आवाज वाढवत राहिलात, तर इजा कानांना होते; आणि कान दुरुस्त करून मिळत नाहीत.

करून पाहा: मोठ्या स्पीकरवर तबलावादन लावा. आवाज हळूहळू उतरवत न्या. आधी काय नाहीसे होते, चाट की घुमक, ते वहीत नोंदवा. मग फक्त बासची कळ फिरवून फरक ऐका.

आणि एक प्रश्न: ६० डेसिबेलला खर्ज स्वर सुमारे ७८.५ डेसिबेल लागतो. आवाज ८० वरून ६० वर आणला, तर तूट किती? ती भरून काढण्यास शक्ती किती पट लागेल?