बाटली आणायची तर नाशिकवरून ये

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, इटलीहून वाइन आणते, अण्णांच्या पंचाहत्तरीला उघडू." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्री झोपच लागेना. विमानाची काळजी नव्हती. तू मुंबईला उतरून नेहमीसारखी सुरतमार्गे रेल्वेनं नंदुरबारला येशील, याची होती. म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय.

विमानाचं आधी. भारतात उतरणाऱ्या मोठ्या माणसाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं आणि वाइन त्यातच मोजली जाते. नेहमीची बाटली 750 मिलीची असते. म्हणजे दोन बाटल्या सुखानं बसतात, तिसरीला हिशोब 2.25 लिटरवर जातो. मग लाल मार्गिकेत जाऊन ती स्वतःहून दाखवायची आणि शुल्क भरायचं, आणि मद्यावरचं शुल्क फार जड असतं. जावईबापूंचे 2 लिटर त्यांचे वेगळे. तुझा आणि त्यांचा कोटा एकत्र करता येत नाही. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेली बाटलीही याच 2 लिटरमध्ये धरतात, हे विसरू नको.

हातातल्या बॅगेत बाटली ठेवू नको. तिथे बहुतेक विमानतळांवर 100 मिलीच्या वरचा द्रव चालत नाही, आणि मध्ये विमान बदलताना ड्यूटी फ्रीच्या सीलबंद पिशवीवरूनही अडचण येऊ शकते. मोठ्या बॅगेतच ठेव. एकेक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद कर, मग जाड मोज्यात घाल, मग स्वेटरमध्ये गुंडाळ आणि बॅगेच्या अगदी मधोमध ठेव, कडेला नको. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची होते, तेव्हा वजन घरीच बघ. माझी एक बाटली अशीच कडेला ठेवल्यामुळे फुटली होती आणि आईसाठी आणलेल्या पांढऱ्या साडीवरचा तो लाल डाग शेवटपर्यंत गेला नाही. बिल आणि बोर्डिंग पास मात्र पर्समध्ये, हाताशी ठेव.

आता माझ्या खऱ्या काळजीचं. मुंबईहून आपल्याकडे येणारी रेल्वे उंबरगावपासून नवापूरपर्यंत गुजरातमधून धावते. वापी, वलसाड, सुरतकडून बारडोली, व्यारा, मग नवापूर. लहानपणी नवापूरच्या स्टेशनावर आपण एक पाय महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये ठेवून उभ्या राहायचो, आठवतं? स्टेशनाच्या मधूनच सीमा जाते. तेव्हा तो खेळ होता. बाटली बरोबर असली की तो खेळ राहत नाही.

दोन्ही राज्यांचा दारूबंदी कायदा मुळात एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा तोच दोघांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रानं परवान्याची वाट ठेवली, गुजरातनं बंदी कायम ठेवली आणि 2017 मध्ये शिक्षा आणखी कडक केल्या. मुंबईच्या कस्टमनं बाटली सोडली म्हणून गुजरातच्या हद्दीत तू वाचशीलच असं नाही. त्यात दमण जवळ असल्यानं वापी-वलसाडच्या पट्ट्यात तपासणी जास्त होते. "आपण तर फक्त पुढे चाललोय" हे पोलिसांना पटवत बसायची वेळ तुझ्यावर येऊ नये. याच कारणासाठी सुरतच्या विमानतळावर उतरायचाही विचार करू नको, घर कितीही जवळ वाटलं तरी.

तेव्हा गाडी ठरव आणि नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असं ये. 400 किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण सगळा रस्ता आपल्याच राज्यातला. चालकाला आधीच सांग, नकाशानं सुरतकडून वळवलं तरी वळायचं नाही. आणि आपल्याकडेही पिण्याचा परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभाग तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन देतो. तेवढं करून घे.

मे महिना आहे, म्हणून रात्रीचा प्रवास कर. दुपारी धुळ्याला जेवायला थांबलात आणि बाटल्या डिकीत राहिल्या, तर वाइन शिजून जाईल. घरी आल्यावर मागच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, अंधारात ठेवू. बूच असेल तर आडवी, म्हणजे ते सुकणार नाही. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची.

एक मात्र मनापासून सांगते. आपल्या गल्लीतली दोन घरं दारूनं बसली, ती आपण डोळ्यांनी पाहिली. मोठ्या काकूंनी त्यात काय भोगलं, तुला माहीत आहे. ताटांच्या रांगेत बाटली ठेवण्याआधी त्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर नको. अण्णांना वेगळं, वरच्या खोलीत, दोन घोट देऊ. त्यांना तेवढंच आवडेल.

रेल्वेचं तिकीट काढलं असशील तर आजच रद्द कर. निघालीस की कळव. पहाट असो की रात्र, मी दोंडाईचापर्यंत घ्यायला येते.