धनुष्य घडविणारा हात

एका बाणामुळे अल्लाह तिघांना जन्नतमध्ये दाखल करतो, या आशयाची हदीस हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांनी कथन केली असून ती अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. बाण सोडणारा आणि तो त्याच्या हाती देणारा हे दोघे आपल्या सहज लक्षात राहतात. अबू दाऊद यांच्या रिवायतीत मात्र पहिला उल्लेख आहे तो भल्याच्या हेतूने बाण घडविणाऱ्या कारागिराचा. निय्यत शुद्ध असली की काम कसेही उरकले तरी चालते, असे मानणाऱ्याने एकदा लाकडाचे धनुष्य घडवून पाहावे.

अरब लोक ‘नब्अ’ नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडाची धनुष्ये करीत. कवी शम्माख यांच्या प्रसिद्ध कवितेतील कारागीर तोडलेली फांदी सालीसकट दोन वर्षे मुरू देतो. (आपल्याकडील भिल्ल बांधवांचा कामठा बांबूचा, ती कला निराळी.) आज नवशिक्याला ओक, ॲश किंवा हिकरीच्या सुकलेल्या फळीपासून आरंभ करता येतो. सुमारे 6 फूट लांब, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड फळी पुरते. खरे कौशल्य निवडीत आहे. लाकडाच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच कडेला निसटणारी रेघ किंवा गाठ दिसली, तर फळी कितीही देखणी असो, ती परत ठेवावी. ताण पडताच धनुष्य बहुधा तेथेच फुटते.

मध्यभागी मुठीची जागा जाड ठेवून दोन्ही भुजा टोकांकडे निमुळत्या करतात. नेमबाजाच्या विरुद्ध दिशेची बाजू ही धनुष्याची पाठ. तिच्यावर सारा ताण येतो, म्हणून तिला रंधा लावीत नाहीत. लाकूड काढायचे ते पोटाच्या बाजूने.

यापुढचे काम सबुरीचे. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर आडवे ठेवून दोरी थोडीशी खाली ओढावी आणि दूर उभे राहून दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, ते पाहावे. जो भाग ताठ राहतो, तेथेच खरवडावे. जो जास्त वाकतो त्याला हात लावू नये. त्याच्या आजूबाजूचे लाकूड कमी करावे. प्रत्येक खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलके वाकवावे, तेव्हा लाकूड आपला बदल दाखविते. ताठ भाग तसाच ठेवून अधिक ओढण्याचा मोह येथेच होतो. खरवडलेले लाकूड पुन्हा चिकटत नाही, आणि पूर्ण ताणात फुटलेल्या धनुष्याचा तुकडा ओढणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. तो ओढणारा कारागिराच्या भरवशावर उभा असतो. हदीसमधील ‘भल्याचा हेतू’ मला त्या वीस-तीस वेळा वाकविण्यातही दिसतो.

शेवटी कागदाने घासून तेल द्यावे. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नये, आणि नेमबाजी संपताच दोरी उतरवून ठेवावी. मुलांच्या हाती धनुष्य देताना त्यांना हेही सांगावे की, जिवंत प्राण्याला निशाण बनविण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, आणि मस्जिदीतून बाण नेताना त्याचे टोक हातात धरण्याची ताकीद दिली आहे.

हेच हजरत उक्बा (रजि.) वार्धक्यातही दोन निशाणांमध्ये ये-जा करीत. या वयात हे कष्ट कशाला, असे कोणी विचारले. नेमबाजी शिकून ती सोडून देणाऱ्याविषयी प्रेषितांनी (स.) केलेली कठोर ताकीद त्यांनी सांगितली. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे.