डेमोतला संगणक आणि बिलावरचा संगणक

नवा लॅपटॉप घ्यायला निघालेलं कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी त्यांना एक प्रश्न विचारते : जो पाहून तुमचं मन भरलं तो संगणक आणि तुमच्या बिलावर येणार आहे तो संगणक एकच आहे का? बहुतेकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. झळझळीत पडदा, घुमणारा आवाज, चुटकीसरशी तयार होणारी फिल्म. हा प्रश्न विचारायला मी १९९६ साली शिकले.

त्या वर्षी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून आम्ही ‘मल्टिमीडिया पीसी’ घेतला. मुलांना ज्ञानकोशाच्या सीडी पाहता याव्यात, घरात गाणी आणि सिनेमाही चालावा, एवढी साधी अपेक्षा होती. दुकानात डेमो सुरूच होता. पडदाभर सिनेमा चालत होता, कुठेही न अडखळता. आवाज तर दुकानाबाहेर ऐकू येत होता. घरी मात्र तसलीच सिनेमाची व्हिडिओ सीडी, म्हणजे व्हीसीडी, घातली, तर चित्र थबकत, उड्या मारत पुढे सरके आणि पात्रांचे ओठ हलण्याआधीच संवाद ऐकू येई.

दुकानात विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, “मॅडम, ते कार्ड वेगळं. तुमच्या कोटेशनमध्ये मल्टिमीडिया किट आहे.” किट म्हणजे सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि स्पीकरची जोडी. तिन्ही वस्तू आम्हाला मिळाल्या होत्या. कागदावर बोट ठेवायला जागाच नव्हती.

कारण नंतर एका जाणकार तंत्रज्ञानं समजावून दिलं. व्हीसीडीवर सेकंदाला ३५२ बाय २८८ ठिपक्यांची २५ चित्रं असतात. ती ‘एमपीईजी-१’ पद्धतीनं दाबून बसवलेली असतात आणि पाहताना त्याच वेगानं उलगडावी लागतात. आमच्या ४८६ प्रोसेसरला एकट्यानं ते झेपत नव्हतं. दुकानातल्या मशीनमध्ये या कामासाठी स्वतंत्र एमपीईजी कार्ड होतं. आवाजाचंही तसंच. स्पीकरच्या खोक्यावर शेकडो वॅटचा आकडा होता, पण त्यापुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलेलं होतं. तो क्षणभराच्या कमाल जोराचा फुगवलेला आकडा असतो. सलग किती ताकदीचा आवाज मिळेल ते ‘आरएमएस’ आकड्यावरून कळतं आणि तो खोक्यावर नव्हताच. शेवटी वेगळे पैसे मोजून कार्ड बसवलं, तेव्हा सिनेमा सुरळीत चालू लागला.

पुढे या विषयावर वाचत गेले, तेव्हा कळलं की ही गोष्ट आमच्यापुरती नाही. २४ जानेवारी १९८४ रोजी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकिंटॉश लोकांपुढे आणला. तो संगणक स्वतः बोलला आणि सभागृह दुमदुमलं. विक्रीला आलेल्या मॅकिंटॉशची मेमरी होती १२८ के. मंचावरच्या मशीनमध्ये मात्र ५१२ के बसवलेली होती, कारण तो कार्यक्रम १२८ के मध्ये मावत नव्हता.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकाचं. १९८६ मध्ये एरिक ग्रॅहम यांनी त्यावर ‘जगलर’ नावाचं चलच्चित्र केलं. चकचकीत गोळे झेलणारी एक आकृती, गोळ्यांत उमटणाऱ्या प्रतिबिंबांसह. चित्रं सगळी अमिगावरच तयार झाली होती. पण एकेक चित्र काढायला संगणकाला सुमारे तास लागत असे. तयार झालेली २४ चित्रं मग वेगानं फिरवून दाखवली जात. हा डेमो खरा होता, तरी पाहणाऱ्याला त्यामागचे तास दिसत नव्हते.

आज एमपीईजी कार्ड कुणी विकत नाही, पण अडचण तीच आहे. फोनवर काढलेला फोर-के व्हिडिओ बहुधा ‘एचईव्हीसी’ पद्धतीनं दाबलेला असतो. तो उलगडण्याची सोय चिपमध्ये नसेल, तर जुना संगणक आजही तसाच अडखळतो. म्हणून काही गोष्टी कळकळीनं सांगते.

पडद्याचे रंग आणि स्पीकरचा आवाज व्हिडिओवरून कधीच ठरवू नका. ते रंग तुम्ही स्वतःच्या फोनच्या पडद्यावर पाहता आणि तो आवाज स्वतःच्या इअरफोनमधून ऐकता. विकायच्या लॅपटॉपचा पडदा तुमच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे आणि वेगळी रॅम मिळते. ‘आरटीएक्स ४०६०’ हे लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड कुठे ३५ वॅटवर, तर कुठे ११५ वॅटवर चालतं आणि त्यानुसार कामाचा वेग बदलतो. पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम, ती पुढे वाढवता येते का आणि पडद्याचा प्रकार हे सगळं लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला बिलावर जागा नसते.

व्हिडिओत वेळ कुठे कापला आहे ते पाहा. घड्याळ दिसत नसेल, तर काम किती वेळात झालं हे तुम्हाला कळलेलंच नाही. चार्जर जोडलेला होता का, हेही पाहा. बॅटरीवर अनेक लॅपटॉप मंदावतात आणि तापल्यावरही वेग उतरतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुकानात जाताना स्वतःचं काम सोबत न्या. घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ, मुलीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग, रोजच्या वापरातल्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या आणि चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.

डेमोचे व्हिडिओ करणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. मशीनची पूर्ण माहिती पडद्यावर लिहा, थांबण्याचा वेळ कापला असेल तर तसं सांगा आणि जोडलेली प्रत्येक जादा वस्तू दाखवा. तुमच्या व्हिडिओवर विश्वास ठेवून कुणीतरी हप्ते बांधून घेत असतं. आणि घेणाऱ्यांनो, पैसे तुमचे आहेत. आपलं काम आपल्या डोळ्यांसमोर, बिलावर येणाऱ्याच मशीनवर चाललेलं पाहिल्याशिवाय ते देऊ नका.