पहिला उन्हाळा
वाचन : लूक १३:६-९

दाखल्यातील माळी अंजिराच्या झाडासाठी धन्यापाशी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. त्या वर्षात आपण काय करणार हेही तो सांगतो. भोवती खणणार व खत घालणार. तिकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

तेलंगणात २०१५ साली 'हरित हारम' सुरू झाले. पुढे २०१८ च्या पंचायत राज कायद्याने लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवर आली. मग मंदिराच्या आवारातील रोपे कोणाची?

तलमडुगुकडे आम्ही एकदा जूनमध्ये दहा रोपे लावली, कडुनिंब व चिंच. प्रार्थना झाली, चहा झाला. पुढच्या मे अखेरीस चारच उरली. आम्ही उन्हाला दोष दिला. आदिलाबादचे ऊन ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा दोष देणे सोपेच! पण मेलेली रोपे उपटून पाहिली तो दोघांची मुळे कुजलेली. मुले रोज त्यांच्याच बुंध्यात बादली ओतीत असत. बाकीच्यांना भर दुपारी तांब्या-तांब्या पाणी मिळे. वरची माती भिजे, खाली कोरडे.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते. भेगा पडतात, त्यांतून खालचा ओलावा उडून जातो व कोवळी मुळे तुटतात. म्हणून आळे खुरपून भेगा बुजवाव्या. आळे फांद्यांच्या घेराएवढे रुंद असावे आणि बुंध्याशी मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. वर चार बोटे सोयाबीनचे कुटार पसरावे, मात्र खोडापासून वीतभर सोडून. नाहीतर साल कुजते, वाळवी लागते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, चार-पाच दिवसांनी, पण पोटभर द्यावे. आधी वीतभर खोल माती उकरून हातात दाबावी. गोळा झाला तर त्या दिवशी पाणी नको. खत घालू म्हणणाऱ्या त्या माळ्याची क्षमा मागून सांगतो, रासायनिक खत मे महिन्यात घालू नये. ते पावसावर सोडावे. शेळ्यांसाठी बोराटीचे कुंपण हवेच.

पाणी कमी असेल तर मडके उत्तम. बुडाला बारीक छिद्र पाडून सुती चिंधीची वात घालावी, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, भरून झाकण ठेवावे. पाणी हळूहळू मुळांशीच झिरपते.

आता मुख्य गोष्ट. हे पाणी हापशावरून येते, आणि आजवर ते आपल्या भगिनींच्याच डोक्यावरून आले. स्वयंपाकाचा हंडा आधी की रोपाचा, असा प्रश्न एका मावशींनी सभेत विचारला तेव्हा आम्हांपाशी उत्तर नव्हते. पुढच्या वेळी आम्ही पाचच रोपे लावली. पाळीची वही केली. तिच्यातील पहिली सहा नावे पुरुषांची आहेत.