यंत्राला लागणारी कीड

गुरांना लाळ्या-खुरकूत होतो. उसाला तांबेरा पडतो. पण यंत्रालाही रोग लागतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. "लोखंडाला कसला आलाय रोग?" असे लोक आम्हाला विचारतात. तेच आज पाहू.

संगणक म्हणजे कॉम्प्युटर. तो दिलेल्या हुकुमाप्रमाणे चालतो. हुकूम मालकाचा की चोराचा, हे त्याला उमगत नाही. दुष्ट माणसे वाईट हुकूम लिहून ते गुपचूप यंत्रात घालतात. यालाच व्हायरस किंवा विषाणू म्हणतात. तो जिवंत नसतो. पण एका यंत्रातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून त्याला रोगाचे नाव पडले. तुमच्या हातातला मोबाईल हाही लहान संगणकच आहे बरे!

पहिली वाट ई-मेलची. ई-मेल म्हणजे इंटरनेटवरून येणारे पत्र. नुसते पत्र वाचून सहसा बिघडत नाही. पण सोबत जोडलेली फाईल उघडली, की तिच्यातले हुकूम चालू होऊ शकतात. मे २००० मध्ये फिलिपाईन्स देशातून 'आय लव्ह यू' नावाचे पत्र निघाले. ज्याने त्याची फाईल उघडली, त्याच्या यंत्रातले फोटो नासले. शिवाय तेच पत्र त्याच्या नावाने त्याच्या ओळखीच्यांना आपोआप गेले. नाव ओळखीचे, म्हणून त्यांनीही उघडले. थोड्याच दिवसांत जगभर लाखो संगणक बाधले.

दुसरी वाट वेबसाईटची. एखादे पान उघडावे, तर त्यावर येते, "तुमचा फोन बिघडला आहे, येथे दाबा." दाबले, की कीड आत येते.

अलीकडे व्हॉट्सअॅपवरही असेच घडते. 'पी.एम. किसान' असे नाव देऊन ए.पी.के. नावाची फाईल येते. हप्त्याच्या आशेने शेतकरी ती फोनमध्ये घालतो. मग बँकेचा ओटीपी चोराला दिसतो आणि खाते रिकामे होते. वर्षभराच्या घामाचा पैसा घडीभरात जातो.

ही कीड मोठ्यांनाही सोडत नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशात एका हिशेबाच्या प्रोग्राममधून असाच विषाणू सुटला. तो पार आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोचला. तेथील एका धक्क्याचे संगणक बंद पडले आणि मालाची चढउतार अडली. महाराष्ट्राची द्राक्षे याच बंदरातून परदेशी जातात.

मग काय करावे?

१. अनोळखी फाईल उघडू नये. ओळखीच्याकडून आली, तर आधी फोन करून विचारावे.
२. ॲप फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. तेथेही नाव नीट वाचावे.
३. फोन 'अपडेट' मागेल, तर तो सेटिंगमध्ये जाऊन करावा. त्याने चोरवाटा बुजतात.
४. महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे ठेवावी.
५. फसगत झालीच, तर इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकाला लगेच कळवावे.

फसलो म्हणून लाजून घरात बसू नये. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो. आणि आता आपल्याला वाचता येते. तेव्हा आधी वाचावे, मग विचार करावा, आणि शेवटी बोट लावावे.

प्रश्न
१. विषाणू जिवंत असतो का?
२. ओळखीच्या नावाने आलेली फाईलही का तपासावी?
३. फसगत झाल्यास कोणत्या क्रमांकाला कळवाल? तो वहीत लिहा.