पर्याय आणि निर्णय : 'डायाब्लो'च्या उत्तरखंडांतील रचनाबदलांची मीमांसा

वाचनप्रक्रियेत वाचकाला कितपत स्वातंत्र्य असते, हा प्रश्न साहित्यमीमांसेला नवा नाही. एस्पेन आर्सेथ ह्यांच्या 'सायबरटेक्स्ट' (१९९७) ह्या ग्रंथाने त्याला वेगळे वळण दिले. पाने उलटणे आणि ओळींवरून नजर फिरवणे एवढ्यावर ज्या संहितेचे वाचन भागत नाही, तीतून वाट काढण्यासाठी वाचकाला स्वतः काही करावे लागते, अशा संहितांचा स्वतंत्र विचार आर्सेथ ह्यांनी केला आणि संगणकीय साहसखेळांना त्यात स्थान दिले. पुढे मात्र 'वाचकाच्या सहभागा'चा गौरव इतका वाढला की, पर्याय जितके अधिक तितका सहभाग अधिक, हे समीकरण जवळजवळ गृहीतच धरले जाऊ लागले. हे समीकरण टिकते काय, हे 'डायाब्लो' ह्या खेळमालिकेच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिच्या तिसऱ्या भागातील रचनाबदलांवरून जो दीर्घ आणि कडवट वाद झाला, त्यात खेळाडूंनी एक मूलभूत प्रश्न हाताळला. तो त्यांनी योग्य शब्दांत मांडला असे मात्र म्हणता येत नाही.

१

'डायाब्लो'चा पहिला भाग १९९६-९७ च्या वळणावर, दुसरा जून २००० मध्ये आणि तिसरा १५ मे २०१२ रोजी प्रकाशित झाला. तिन्ही भाग 'ब्लिझर्ड' ह्या अमेरिकन संस्थेचे असले, तरी पहिले दोन तिच्या 'ब्लिझर्ड नॉर्थ' ह्या शाखेने घडविले होते. ती शाखा २००५ मध्ये बंद झाली. तिसऱ्या भागाचे अंतिम रूप वेगळ्या मंडळींच्या हातून सिद्ध झाले. वादातील निम्मा आवेश ह्या एका गोष्टीतून आला होता. पण घराणे बदलले म्हणून गाणे बिघडले, हा युक्तिवाद समीक्षेत फार दूर नेत नाही.

ह्या मालिकेच्या कथानकात खेळाडूला कोणताही अधिकार नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पहिल्या भागात योद्धा, धनुर्धारी 'रोग' स्त्री आणि मांत्रिक ह्यांपैकी कोणाचीही भूमिका घेता येत असे. शेवटी राक्षसाला कोंडणारा मणी नायक स्वतःच्याच कपाळात रुतवून घेतो. दुसऱ्या भागात हाच नायक राक्षसग्रस्त होऊन भटकताना दिसतो. आणि तो योद्धाच होता, असे उत्तरखंड परस्पर ठरवून टाकतो. उरलेल्या दोघांची गती त्याहून दारुण आहे. 'रोग' स्त्री 'ब्लड रेव्हन' होऊन आणि मांत्रिक 'समनर' होऊन नव्या खेळाडूच्या हातून मारले जातात. म्हणजे ज्याने पहिल्या भागात मांत्रिकाची भूमिका महिनोन्महिने जोपासली, त्याला दुसऱ्या भागात आपल्याच पूर्वरूपाचा वध करावा लागतो. तिसऱ्या भागातही डेकार्ड केन ह्या वृद्ध पंडिताचा मृत्यू किंवा लिया ह्या तरुणीचा तिच्या आईकडून होणारा घात कोणालाही टाळता येत नाही.

कथानक असे बंदिस्त असल्यामुळे खेळाडूचे कर्तृत्व एकाच ठिकाणी उरते : आपले पात्र कसे घडवावयाचे. ह्या अरुंद जागेतच खेळाडू काही अंशी लेखक असतो. तिच्यात झालेला फेरफार इतका का झोंबला, ह्याचे उत्तर येथे आहे. आपल्याकडील मोक्षपटात खेळाडूला एवढीही जागा नसते. तेथे कवडी पडेल त्या घरात जायचे आणि शिडी की साप, हे मुकाट्याने पाहायचे. त्यामुळे मोक्षपटाचे नियम बदलले, तर कोणी आपले काही हिरावले गेले असे म्हणणार नाही.

२

दुसऱ्या भागातील पात्ररचना तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक वर्गाच्या पात्राला दहा-दहा कौशल्यांचे तीन वृक्ष, म्हणजे एकूण ३० कौशल्ये होती. पात्राची पातळी एकाने वाढली की एक कौशल्यगुण आणि बल, चापल्य, प्राणशक्ती व ऊर्जा ह्यांत वाटण्यासाठी पाच गुण मिळत. पातळीची सीमा ९९ होती. कथेतील काही कामगिऱ्यांतून मिळणारे १२ गुण धरले, तरी सबंध आयुष्यात ११० पेक्षा अधिक कौशल्यगुण हाती येत नसत आणि एकेका कौशल्यात २० पर्यंत गुण घालता येत. साधा हिशेब केला, तरी पाचसहा कौशल्यांपलीकडे पूर्णत्व शक्य नव्हते, हे कळते. आणि एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे.

ह्या शेवटच्या नियमाने सबंध रचनेला अर्थ दिला होता. अग्नी निवडणारी जादूगारीण बर्फ सोडत असे. ते सोडणे तिच्या घडणीचा भाग होई. दोन खेळाडूंच्या एकाच वर्गाच्या, एकाच पातळीच्या पात्रांना वेगवेगळी चरित्रे असत. चुकीच्या जागी पडलेले चार गुण जुन्या जखमेच्या व्रणासारखे पात्राच्या अंगावर राहत. वेगळे काही करून पाहायचे, तर नवे पात्र जन्माला घालून पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागे.

तथापि ह्या रचनेचे जे सुवर्णयुगी चित्र नंतर रंगविण्यात आले, ते स्वीकारता येत नाही. सर्वांत समर्थ कौशल्ये तिसाव्या पातळीला खुली होत. त्यामुळे जाणता खेळाडू आधीचे गुण खर्चच करीत नसे; अर्धा प्रवास तो जाणीवपूर्वक दुबळा राहून करी. चार गुणधर्मांची वाटणी तर नावापुरतीच होती. शस्त्र आणि चिलखत पेलण्याइतके बल, गरजेपुरते चापल्य, उरलेले सर्व प्राणशक्तीत आणि ऊर्जेत शून्य, हा मंत्र जवळजवळ प्रत्येकाने पाठ केला होता. नवख्याला तो ठाऊक नसल्याने त्याचे पात्र बाद होई. जाणत्याला ठाऊक असल्याने त्याला काही ठरवावेच लागत नसे. अज्ञानात केलेली निवड हा जुगार आहे आणि दुसऱ्याने लिहून दिलेल्या आराखड्याबरहुकूम केलेली निवड हे आज्ञापालन आहे. दोहोंना निर्णय म्हणणे कठीण. २०१० मधील सुधारणेने जुन्या नियमाला फट पाडली : 'अकारा' ह्या पुजारिणीकडून तीन काठिण्यपातळ्यांवर एकेकदा सर्व गुण परत मिळू लागले. त्यानंतरही संधी हवी असल्यास अंतिम काठिण्यपातळीवरील प्रमुख राक्षसांकडून मिळणारी चार सत्त्वे गोळा करावी लागत. क्षमा मिळे, पण तिच्यासाठी काही करावे लागे.

३

तिसऱ्या भागाने वृक्ष तोडले. गुणधर्म आपोआप वाढू लागले. पात्राची पातळी वाढेल तसतशी सर्व कौशल्ये प्रत्येकालाच मिळू लागली; त्यांतील सहा एका वेळी वापरायची, प्रत्येकाला पाचपैकी एक 'रून' जोडून तिचे रूप पालटायचे, शिवाय तीन सुप्त कौशल्ये घ्यायची. ही मांडणी हवी तेव्हा, विनामूल्य बदलता येत असे. केवळ गणिताने पाहिले, तर शक्य मांडण्यांची संख्या प्रचंड वाढली होती. रचनाकारांची बाजू अशी होती की, चुकीची शिक्षा काढून टाकली म्हणजे खेळाडू धीटपणे प्रयोग करील. ह्या बाजूला तथ्य नव्हते असे नाही. गुणधर्मांची वाटणी रद्द करण्यात तर काहीच गमावले नाही, असे निःशंक म्हणता येते.

विरोधकांनी ओरड केली ती 'आमचे पर्याय काढून घेतले' अशी. हे वस्तुस्थितीला धरून नव्हते आणि रचनाकारांना ते खोडून काढणे सोपे गेले. काढून घेतला गेला होता तो निर्णय. पर्याय हा समोर मांडलेला असतो. निर्णय घेणाऱ्याच्या अंगाला चिकटतो. जे क्षणात मागे घेता येते, त्याने पात्राची घडण होत नाही. एकाच वर्गाची, एकाच पातळीची दोन पात्रे आता वस्त्रे उतरवली की तंतोतंत सारखी होती, आणि त्या वर्गाचे दुसरे पात्र निर्माण करण्याचे कारणच उरले नव्हते.

रचनाकारांनाही ही उणीव आतून जाणवली असावी, ह्याचा पुरावा खेळातच सापडतो. साठाव्या, म्हणजे तेव्हाच्या अखेरच्या पातळीवर 'नेफालेम व्हॅलर' नावाचे एक वरदान मिळत असे. बलाढ्य शत्रूंच्या टोळ्या मारल्या की ते वाढे आणि त्यामुळे अधिक चांगल्या वस्तू मिळण्याचा संभव वाढे. पण एखादे कौशल्य वा रून बदलली की ते वरदान तत्काळ नष्ट होई! स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या रचनेने त्या स्वातंत्र्याच्या वापरावर बसवलेला हा दंड होता. वादात ह्या तपशिलाला मिळाले त्याहून अधिक महत्त्व मिळावयास हवे होते.

४

ह्या बदलाचा खोल परिणाम अन्यत्र झाला. पात्रांत भेद उरला नाही, तेव्हा तो भेद करण्याचे काम वस्तूंवर आले. त्यातच तिसऱ्या भागात प्रत्येक कौशल्याचा मारा हातातील शस्त्राच्या सामर्थ्यावरून मोजला जाई. मांत्रिकाचा अग्नीसुद्धा त्याच्या काठीच्या आकड्यावर अवलंबून होता. पात्र म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर 'त्याने काय ठरवले' असे न राहता 'त्याच्याजवळ काय आहे' असे झाले. आणि जे जवळ असावयाचे, ते ह्याच खेळात विकत मिळत होते. आरंभापासून खेळातील सुवर्णमुद्रांचे आणि जून २०१२ पासून खऱ्या पैशांचेही लिलावघर चालू होते. उत्तम शस्त्र मिळविण्याचा सरळ मार्ग राक्षसाकडून नव्हे, तर दुकानातून जाऊ लागला.

लिलावघर आणि कौशल्यरचना हे दोन वेगळे दोष म्हणून वादात मांडले गेले. प्रत्यक्षात ते एकाच साखळीचे दुवे आहेत. जेथे निर्णयातून व्यक्तित्व घडत नाही, तेथे मालमत्ता त्याची जागा घेते, आणि मालमत्तेला बाजार लागतोच. लिलावघराने खेळाचे नुकसान केले, हे मुख्य रचनाकार जे विल्सन ह्यांनी २०१३ मध्ये, ती जबाबदारी सोडल्यानंतर, जाहीरपणे मान्य केले. १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद झाले. त्याच सुमारास 'पॅरागॉन' पद्धतीच्या नव्या रूपाने खेळाडूच्या हाती वाटण्यासाठी पुन्हा गुण आले. पण तेही हवे तेव्हा परत घेता येत.

जुन्या भागाचा वारसा ह्या काळात दुसऱ्याच घरी वाढत होता. न्यूझीलंडमधील 'ग्राइंडिंग गिअर गेम्स' ह्या संस्थेच्या 'पाथ ऑफ एक्झाइल' (२०१३) मध्ये सर्व वर्गांना सामाईक असा एक अवाढव्य वृक्ष होता आणि त्यातून गुण परत घेण्याची संधी दुर्मीळ ठेवली होती. तेथेही पाठ केलेले आराखडे आलेच. अपरिवर्तनीयता हा रामबाण नव्हे, हे त्यावरून दिसते. माहितीची देवाणघेवाण इतकी वाढली आहे की, कोणताही कठोर नियम खेळाडूला आज्ञापालनाकडे ढकलण्याची शक्यता असतेच.

तरीही एक गोष्ट वादाच्या दोन्ही पक्षांनी दुर्लक्षिली. पात्राचा मृत्यू कायमचा मानणारा 'हार्डकोअर' प्रकार दुसऱ्या भागापासून मालिकेत आहे आणि तिसऱ्या भागानेही तो ठेवला. तेथे कौशल्ये कितीही वेळा बदलता येत असली, तरी प्रत्येक वेळी त्या बदलाला वजन असते, कारण चुकीच्या सहा कौशल्यांनिशी दार उघडले तर पलीकडून परत येणे नाही. हा प्रकार कोणावर लादला जात नाही. खेळाडू तो पात्राच्या जन्माच्या क्षणी स्वतः पत्करतो.

चौथ्या भागात (६ जून २०२३) वृक्ष परतला. प्रकाशनाच्या वेळी त्यातील गुण परत घेता येत, पण त्यासाठी सुवर्णमुद्रा मोजाव्या लागत आणि पात्राची पातळी वाढेल तसा हा दर वाढे. लहान वयातील पात्राला मन बदलणे स्वस्त, मोठेपणी महाग. हा दर किती असावा, ह्यावर खेळाडूंत लगेच नवा वाद उभा राहिला. आणि ह्या वेळी तो पर्यायांच्या संख्येविषयी नव्हता, माघारीच्या किमतीविषयी होता.